फळीवरचे सर

सरांच्या घराचं फाटक उघडायचं म्हणजे आधी एक वीट उचलावी लागायची. हातानं नव्हे. फाटकाला दोरी, दोरी वरच्या कप्पीवरून गेलेली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला वीट. फाटक ढकललं की वीट वर जायची. सोडलं की वीट खाली यायची आणि फाटक धाडकन आपोआप लागायचं. मागून येणाऱ्याच्या नाकावर लागायचं, पण सरांच्या मते तो त्या नाकाचा प्रश्न होता.

"येणारा प्रत्येक माणूस माझ्यासाठी एक वीट उचलतो," सर सांगायचे. "त्याला कळतसुद्धा नाही."

हे सांगताना दुसऱ्याच्या झाडाची बोरं गुपचूप खाल्ल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा फाटकाबद्दल बोलतोय. तो घराच्या सगळ्या कारभाराबद्दल बोलत होता हे कळायला मला वर्ष लागलं.

शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं उंच, अरुंद घर होतं. खाली सर एकटे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तळमजल्यालाच मागच्या बाजूला आक्का, म्हणजे दुसरी भाडेकरीण. मधल्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही नवरा-बायको. त्याच्यावर गच्ची. खालून गच्चीपर्यंत अडतीस पायऱ्या. हा आकडा मी विसरणार नाही. माझ्या मांड्याही विसरणार नाहीत.

मी शेंद्र्याकडची. आमच्या घरात मेंढरं होती, थोडं रान होतं, एक विहीर होती. चौथी झाल्यावर मला शाळेतून काढलं आणि मेंढरांमागं लावलं. मेंढरांशी बोलायची सवय झाली, माणसांशी बोलायची राहून गेली. लग्न होऊन शहरात आले तेव्हा सरांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. आमचे हे शहागंजात कापडाच्या दुकानात कापड मोजायला होते. खोली मिळायला सहा महिने लागले होते, म्हणून तेही सरांना देवासारखे भ्यायचे. "त्यांच्या तोंडी लागू नको," असं मला रोज बजावायचे. मी कोणाच्याच तोंडी लागत नव्हते, तरी बजावायचे.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. निजामाच्या काळात ते सगळं उर्दूतून शिकलेले. पोलीस अ‍ॅक्शन झाली, शाळा मराठीत आल्या आणि सरांना सगळे शब्द नव्यानं पाठ करावे लागले. मुलांना त्यांनी वीस वर्षं स्थितिज आणि गतिज ऊर्जा शिकवली, पण घरी आल्यावर चपला काढाव्यात तसे ते शब्द दाराबाहेर काढायचे.

"उंचावर ठेवलेल्या वस्तूत मख्फी तवानाई असते. मख्फी म्हणजे लपलेली, तवानाई म्हणजे ताकद. वस्तू सुटली की तीच ताकद हरकी होते. म्हणजे पळती. ताकद मरत नाही, बाई. नुसती जागा बदलते."

हे ते दूधवाल्याला सांगायचे, टपालवाल्याला सांगायचे, कोणी नसलं तर विटेला सांगायचे.

आमच्या खोलीत आले की आधी फळीकडं बघायचे. "तो ज्वारीचा डबा किती उंचीवर आहे? साडेपाच फूट. भरलेला आहे? म्हणजे भरलेली बंदूक डोक्यावर टांगून स्वयंपाक करतेस." एवढं बोलून निघून जायचे. मग मी डबा खाली घ्यायची आणि आमचे हे त्याला अडखळून पडायचे. सरांच्या स्वतःच्या घरात गुडघ्याच्या वर काहीच ठेवलेलं नसायचं. दूध, तूप, भाकरीची टोपली, सगळं जमिनीवर. पडण्यासारखं काही नव्हतं. गल्लीतल्या मांजरांची फार सोय झाली होती.

सायकलचं त्यांचं वेगळंच. चढाला ते उतरून सायकल ढकलत न्यायचे आणि म्हणायचे, साठवतोय. उतारावर बसायचे आणि पायडल मारायचे नाहीत. इथपर्यंत ठीक होतं. पण ते ब्रेकही मारायचे नाहीत.

"कमावलेली ताकद रबराला खाऊ घालायची? का?"

एकदा शहागंजात पेरूच्या गाड्यात असेच घुसले. पेरू रस्ताभर. गाडेवाला कमरेवर हात ठेवून उभा.

"मास्टरसाब, बिरेक काय कू दिये सायकल कू?"

सर पेरूंमध्ये बसल्या बसल्या म्हणाले, "बघ, सायकल थांबली. पण ताकद गेली का? नाही. ती तुझ्या पेरूंमध्ये गेली. बघ कसे पळतायत."

"हौ," गाडेवाला म्हणाला, "अब मेरी ताकद कू बी जागा बदलनेका है. तुमारे गाल पे."

हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं. दुकानातून त्यांनी डोळ्यानं बघितलं होतं आणि कापडाच्या गठ्ठ्यामागं लपले होते, ओळख द्यावी लागू नये म्हणून.

आता पाण्याचं सांगते.

नळ खाली अंगणात होता. एक दिवसाआड, सकाळी तासभर पाणी यायचं, आणि तेही नेमकं आमचे हे दुकानात गेल्यावर. सरांची न्हाणी अंगणाला लागूनच, नळापासून चार पावलांवर. कोणीही शहाणा माणूस बादली भरून चार पावलं चालला असता. पण सरांना अंघोळीला वरून जोरात पडणारं पाणी हवं होतं. म्हणून गच्चीवर टाकी, टाकीतून खाली न्हाणीपर्यंत नळी आणि नळीच्या तोंडाला झारीसारखं भोकाभोकाचं तोंड. खोली घेतानाच सांगितलेलं, भाडेकरणींनी पाळीनं टाकी भरायची. जमत नसेल तर खोली सोडायची.

म्हणजे पाणी खालीच आलेलं असायचं. ते आम्ही अडतीस पायऱ्या वर न्यायचो, कशासाठी, तर ते सरांच्या टकलावर परत खाली यावं म्हणून.

"किती जोर आहे बघ," ते न्हाणीतून ओरडायचे. "ही सगळी उंचीची किमया."

जिन्यात बसलेली आक्का मला हळूच म्हणायची, "उंचीची म्हनं. माझ्या गुडघ्याची हाय, मुडद्या."

त्यांच्या शिकवणीतलं एवढं मात्र मला पक्कं समजलं होतं. ताकद जागा बदलते. माझ्या कमरेतून निघते आणि सरांच्या अंघोळीत जाते.

मग मला दिवस गेले. सातवा लागला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पोटाला हात लावला आणि विचारलं, "ओझं घेऊन जिना चढतेस का?" मी मान खाली घातली. "बंद कर. आजपासून. ह्याच्या आधीचं एक गेलंय ना तुझं?" गेलं होतं. पाचव्या महिन्यात. ह्याच जिन्यावर सुरू झालं होतं, पण ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. सरांशी बोलायचं म्हणजे त्यांना ताप यायचा. आमच्या आधीच्या बिऱ्हाडातली बाई बाळंतपणाला माहेरी गेली होती, तर सरांनी मागं खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती. ती दुसरी माणसं म्हणजे आम्हीच. बोलावं कोणत्या तोंडानं?

शेवटी आक्काच बोलली. अंगणात, मोठ्यानं. "सर, पोरगी दोन जिवांची हाय. पानी वर न्यायचं नाय म्हनून नर्सबाईनं सांगितलंय. मलाबी दोघींची पाळी व्हायची नाय. गुडघं गेलेत माझं."

सरांनी चष्मा काढला. "दोन जिवांची म्हणजे वजन जास्त. मग वर गेल्यावर तवानाईही जास्त साठेल."

"अवो सर!"

"ऐकून तर घे. तक्रार बरोबर आहे. माणसानं ओझं वाहणं हा अडाणीपणा आहे. मी यंत्र करतो. पुढच्या पाण्यापर्यंत."

खरंच केलं. जुन्या बाजारातून मोठी कप्पी आणली आणि गच्चीच्या भिंतीतून अंगणावर काढलेल्या दांड्याला टांगली. जाड दोर आणला. दोराच्या एका टोकाला रॉकेलचं अर्धं कापलेलं पिंप, त्यात तीन बादल्या पाणी मावायचं. दुसऱ्या टोकाला बसायच्या पाटाएवढी फळी. फळीवर ठेवायला एक जाडजूड दगड, तो हमालाकडून गच्चीवर चढवून घेतला. दगड खाली येणार, पिंप वर जाणार, वर गेलं की एका आकड्याला त्याचं बूड अडकून ते टाकीत आपोआप उलटं होणार. हे आकड्याचं काम खरोखर नामी होतं. ते मी नाकारत नाही.

पाण्याच्या दिवशी गल्ली जमली. आक्कानं पिंप भरलं. सरांनी वरून दगड फळीवर सरकवला. दगड खाली आला, पिंप डुलत डुलत वर गेलं, उलटलं, टाकीत धबधबा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर गच्चीच्या कठड्यावरून हात हलवत होते.

"बघितलं? एक थेंब घाम नाही!"

मी माझ्या खिडकीतून बघत होते. मला दगड दिसत होता. तो खाली पडून होता.

हळूहळू सगळ्यांनाच तो दिसायला लागला. टाळ्या बारीक झाल्या.

"आता दगड वर आणा," सर म्हणाले.

"कसा, सर?" आक्का.

"जिन्यानं."

आक्कानं दगडाकडं बघितलं, मग वर सरांकडं बघितलं. "दगड पान्याच्या वरताण जड हाय, सर."

"असणारच. जड असल्याशिवाय पाणी वर कसं जाईल?"

आक्कानं तो दगड पायरी पायरीवर टेकवत दोनदा वर नेला. तिसऱ्यांदा पंधराव्या पायरीवर तो मांडीवर घेऊन बसली आणि सरांच्या सात पिढ्यांना काय काय लागो ते एकेक करून सांगायला लागली. सर वरून म्हणाले, "शिव्यांनी तवानाई साठत नाही." मग मला हाक मारून म्हणाले, "परवा पाळी तुझी. पाणी न्यायचं नाही एवढंच नर्सनं सांगितलंय ना? दगडाचं काही बोलली नाही."

रात्री मी ह्यांना सांगितलं. आमचे हे म्हणाले, आपण खोली सोडू. कुठं जायचं ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं सारखी आमची विहीर यायची. आमच्या विहिरीवर मोट होती. आबा बैलांना उतारावरून हाकायचे. बैल खाली जायचे, दोर ओढला जायचा, कातड्याची मोट भरून वर यायची. ती उताराची वाट मुद्दाम तशी केलेली असते. बैल जोर लावतोच, पण खाली जाताना त्याचं अंगचं वजनही दोराला लागतं. आणि मग बैल परत वर येतात, रिकामे. त्यांच्या पाठीवर कोणी दगड ठेवत नाही.

पाण्याच्या दिवशी सकाळी सर जिन्यानं वर निघाले होते. गच्चीवर उन्हात बसून पेपर वाचायची त्यांची रोजची सवय. मी दाराआड उभी होते. पदर तोंडावर. मला आजही ठाऊक नाही ते शब्द कसे निघाले.

"सर."

ते थबकले. आवाज कोणाचा ते शोधायला लागले. एवढ्या दिवसांत त्यांनी तो ऐकलाच नव्हता.

"सर, मोटेवरचे बैल दगड घेऊन वर येत नाहीत. रिकामे येतात. खाली जाताना त्यांचं अंगचंच वजन लागतं."

"बरोबर. मग?"

"मग... ह्या घरात वर रिकामं कोण जातं?"

खाली अंगणात आक्काचा तांब्या हातातून पडला. मला वाटलं, संपलं. आता सामान बांधायचं.

सरांनी आपल्या हातांकडं बघितलं. एकात चष्मा, एकात पेपर.

"मी जातो," ते हळूच म्हणाले. "रोज जातो. आणि तसाच परत येतो. रोज एवढी तवानाई जिन्यात सांडतो!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "पेरूंसारखी!"

आपल्याला बैल म्हटलं गेलंय हे त्यांना कळलं नाही असं मला वाटत नाही. कळलं होतं. पण हिशोब बरोबर होता आणि त्यांना त्यापुढं काही दिसत नव्हतं. दुसऱ्या कोणाही घरमालकानं मला त्याच दिवशी बाहेर काढलं असतं. सर धोतर खोचून वर पळाले.

त्या दिवसापासून ते स्वतः फळीवर बसायला लागले. अडतीस पायऱ्या चढायच्या, कठड्यावरून फळीवर उतरायचं, दोर घट्ट धरायचा आणि डोळे मिटून खाली यायचं. पहिल्यांदा एवढ्या जोरात आले की खाली ठेवलेल्या कोंड्याच्या पोत्यावर आपटून त्यांची कवळी निघाली. मग त्यांनी पिंपाला कडेनं पत्रा जोडला, म्हणजे पाणी थोडं जास्त मावेल आणि खाली येणं सावकाश होईल. एका पाण्याला दहा फेऱ्या व्हायच्या. मी नळाशी पाटावर बसून पिंप भरायचे, एवढंच काम. सर उतरताना आक्का ओट्यावरून ओरडायची, "सर्जा आला रं, सर्जा! आता ढवळ्याबी आना एक!" गल्लीतल्या बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. सर हात जोडायचे. त्यांना वाटायचं, विज्ञानाचा सन्मान चाललाय.

आठवा सरला, नववा लागला. एका सकाळी मी पिंप काठोकाठ भरलं, सर वरून सुटले आणि माझ्या खिडकीसमोर येऊन थांबले. फळी थांबली. पिंपही थांबलं. पलीकडं पिंप, अलीकडं सर, दोघं एका रेषेत, अंगणाच्या मधोमध लोंबकळत.

"काय झालं, सर?" आक्का खालून.

"समतोल झाला!" सर वरून. आवाजात आनंदच होता. "वजनं बरोबरीत आली. अशी बरोबरी प्रयोगशाळेत सुद्धा होत नाही!"

पण झाली कशी? पिंप तर तेवढंच होतं. मी त्यांच्याकडं नीट बघितलं. गळ्याची हाडं वर आलेली, धोतर दोनदा गुंडाळलेलं. रोजच्या चढण्यानं म्हातारा वाळला होता. त्यांनी कप्पी मोजली, दोर मोजला, पाण्याची प्रत्येक बादली मोजली. चढणारा माणूस चढून चढून झिजतो, ही एकच गोष्ट त्यांनी धरली नव्हती. आम्हा बायकांना हे विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

गल्ली भरली. कोणी म्हणालं उडी मारा, कोणी म्हणालं पोरं पाठवा वर. सर मध्येच लोंबकळत लोकांना समजावत होते की आता आपल्यात थोडी लपलेली तवानाई आहे, पळती अजिबात नाही. मग फळी हळूहळू गोल फिरायला लागली आणि त्यांचं भाषण एकदा गल्लीला, एकदा भिंतीला ऐकू जाऊ लागलं. तेवढ्यात नळ गेला.

"सर, ताकद कुठं गेली वो?" आक्कानं विचारलं.

सर तोवर भिंतीकडं फिरले होते.

मी उठले. रिकाम्या हातानं, कठडा धरून, एकोणीस पायऱ्या चढून खोलीत गेले. पाट्याजवळचा वरवंटा उचलला आणि खिडकीतून हात बाहेर काढला. सर फिरत फिरत समोर आले. मी तो त्यांच्या मांडीत ठेवला.

"हळू," ते म्हणाले. "पडेल."

वरवंट्याला दोन्ही हातांनी छातीशी धरून, तान्हं बाळ आणावं तसे, सर अलगद खाली गेले.

पंधरा दिवसांनी मला मुलगी झाली. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, तसा तोच घातला. आक्का म्हणाली, "ह्यानं सरांना जमिनीवर आनलं. पोरीला लाभंल." सर बायकांच्या घोळक्यामागं उभे होते. ते वरवंट्याकडं बघून ओळखीचं हसले.

महिना-दीड महिना झाला आणि एका सकाळी ते दाराशी आले. "आता तू मोकळी झालीस. तुझं वजन चांगलं आहे. पाळीनं फळीवर तू बसायला हरकत नाही. मी काही जन्मभर पुरणार नाही."

गल्लीसमोर, लुगडं नेसून, फळीवर. मी पदर ओढून घेतला. पण पहिल्यांदा बोलल्यावर दुसऱ्यांदा तेवढं जड जात नाही.

"मग पाळणा कोण ओढणार, सर?"

"पाळणा ओढावा लागतच नाही," सर खूष होऊन म्हणाले. इतका सोपा प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता. "वर गेला की लपलेली, खाली आला की पळती, परत वर. एकदा झोका दिला की ताकद नुसती जागा बदलत राहते. मी बघतो. तू जा."

"बरं," मी म्हणाले, आणि पाळण्याची दोरी त्यांच्या हातात देऊन बाहेर पडले. वर गेले नाही. खोलीपासून खाली पाचव्या पायरीवर बसले. खाली आक्का पिंप भरून तयार होती आणि वर बघत होती. मी तिला हातानंच थांब म्हटलं.

आधी आतून सरांचा शिकवतानाचा आवाज आला. मग पाळण्याच्या कड्यांचा. मग कड्यांचा आवाज मंद झाला. मग थांबला. मग माझी मुलगी रडली. तिचा आवाज तेव्हाच शहागंजच्या चौकापर्यंत जायचा. कड्या परत वाजल्या, परत थांबल्या. परत रडणं. मी मनात पायऱ्या मोजत बसले होते. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

दुसरे अडतीस पुरे व्हायच्या आत दार उघडलं. सर बाहेर आले. कपाळावर घाम, उजवा हात डाव्यानं चोळत.

"ह्या पाळण्यात घर्षण फार आहे," ते म्हणाले. "तू ये. मी जातो."

आणि माझ्याकडं न बघता, रिकाम्या हातानं, गच्चीकडं चढायला लागले.

मी आत येऊन दोरी ओढत बसले. थोड्या वेळानं खिडकीतून ते खाली जाताना दिसले, डोळे मिटलेले, दोर धरलेला. वरवंटा मी पाट्याजवळ परत ठेवला नव्हता. तो खिडकीतच होता. त्या घरातून आम्ही निघेपर्यंत तिथंच राहिला.